उंची ४ फूट ११, पहिली गिअरची गाडी कोणती घ्यावी?

जुई_मेढा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माहेर मेढ्याचं, राहते साताऱ्यात आणि शाळा कासच्या पलीकडे बामणोलीच्या बाजूला एका वाडीवर. रोज यवतेश्वरचा घाट चढायचा, पठारावरून पुढे जायचं आणि शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता. सहा वर्षं स्कूटर वापरते. डांबरीवर तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण कच्च्यात तिचं लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं आणि हँडल हिसका मारतं. उतारावर तर सगळा भार ब्रेकवरच. गेल्या पावसाळ्यात एकाच वळणावर दोनदा पडले. दुसऱ्या वेळी मनगट महिनाभर पट्ट्यात होतं, फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होते. आमचे मुख्याध्यापक त्याच रस्त्याने शंभर सीसीच्या मोटारसायकलवर गेली अकरा वर्षं येतात.

तेव्हा ठरवलंय, गिअरची गाडी शिकायची आणि घ्यायची. माझी उंची ४ फूट ११ इंच, वजन ४६ किलो. गिअरची गाडी आयुष्यात चालवलेली नाही. एका शोरूममध्ये गेले तर मी तोंड उघडायच्या आत तिथल्या माणसाने मला स्कूटरच्या रांगेकडे नेलं, आणि ह्यांना विचारलं, "सर, तुमच्यासाठी कोणती बघायची?" तशीच परत आले.

पाय टेकतील, घाट चढेल, कच्च्यात टिकेल आणि मला एकटीला सांभाळता येईल अशी कोणती गाडी? ज्यांनी स्वतः चालवली आहे त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

घाटवाट
ताई, डोळे झाकून अ‍ॅव्हेंजर घ्या. सीटची उंची ७३७ मिमी. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या गाड्यांत इतकी बुटकी सीट शोधून सापडणार नाही. माझी बायको ५ फूट १ आहे, दोन्ही पाय सपाट टेकतात.

रेवा
शोरूमचा अनुभव वाचून संताप झाला, पण नवल नाही वाटलं. माझ्या वेळी त्या माणसाने गाडीचं अ‍ॅव्हरेज माझ्या धाकट्या भावाला सांगितलं. तो तेव्हा नववीत होता.

बाकी वाचते आहे, मलाही हेच हवंय.

तात्या_सांगली
माझं सांगलीत गॅरेज आहे, तीस वर्षं होत आली. जुईताई, गाडीचं नाव विचारायच्या आधी एक करा. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, एक जाडसर वही दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने माप घ्या. ते तुमच्या पायाचं खरं माप. डोक्यापर्यंतची उंची इथे फारशी कामाची नाही. एकाच उंचीच्या दोघींच्या पायांत दोन-दोन इंचांचा फरक मी पाहिला आहे.

दुसरं, कागदावरच्या सीटच्या उंचीवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तिरका जातो, म्हणजे तितकाच आखूड पडतो. टाकीजवळ निमुळती असलेली ७९० ची सीट एखाद्या रुंद ७७० पेक्षा जास्त पाय टेकू देते. आणि वजनाचं म्हणाल तर ७५ किलोचा माणूस बसला की शॉकअप जेवढे दबतात तेवढे ४६ किलोला दबत नाहीत. तुमच्यासाठी तीच गाडी बोटभर उंच असते. मागच्या शॉकअपची सेटिंग सगळ्यात मऊ खाचेवर आणून मग बसून बघा. पान्याने दोन मिनिटांत होतं, शोरूमवाल्याला हक्काने सांगा.

केदार_को
मी थोडं वेगळं म्हणतो. वजनाला इतकं घाबरायचं कारण नाही. हंटर ३५० ची सीट ७९०, मीटिओरची ७६५. इंजिन खाली बसवलेलं, त्यामुळे चालायला लागली की वजन जाणवतच नाही. घाटात ताकद हवीच. शंभर सीसीवर यवतेश्वर चढताना मागून एसटीने हॉर्न मारला तर जाणार कुठे? आणि एकदा गाडी घ्यायचीच आहे तर मनासारखी घ्यावी. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका दर वर्षी बघतो आपण, त्यातल्या किती जणी सहा फुटी असतात?

अनघा_ठाणे
केदार, तुम्ही "चालायला लागली की" म्हणालात, तिथेच सगळं आहे. चालायला लागल्यावर कुठलीच गाडी जड नसते. जड असते ती थांबताना, वळवताना, पार्किंगमधून मागे काढताना.

माझी उंची ४ फूट १०. चार वर्षांपूर्वी मी हौसेने साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. पहिलीच गाडी. सगळे म्हणाले होते, सवय होते. हायवेवर खरंच सुख होतं, नाशिकपर्यंत एकटी गेले, आजही ती पहाट आठवते. पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगला हलकासा उतार आहे, भिंतीकडे जाणारा. संध्याकाळी तोंड भिंतीकडे करून लावली की सकाळी १८०-१९० किलो चढावर मागे ओढायचे. पायांची फक्त बोटं टेकत असताना मागे ढकलायला जोर कुठून आणणार? रोज वॉचमनकाकांना हाक मारायची. ते बिचारे कधी नाही म्हणाले नाहीत, पण मला गाडी स्वतःची वाटेनाशी झाली. कुठे जायचं ठरवलं की पहिला विचार, तिथे लावायची कशी. मग जाणंच कमी झालं. आठ महिन्यांत विकली.

त्यानंतर वर्षभर काही घेतलं नाही. मग भावाची जुनी स्प्लेंडर घेतली. ११२ किलो. तिच्यावरही दोन्ही टाचा टेकत नाहीत. पण ती मी एका हाताने मागे घेते, डबल स्टँडला लावते, गल्लीत उलटी फिरवते. दोन वर्षं झाली, रोज चालवते.

जुई, गाडी तुला एकटीला हलवता आली पाहिजे. वर तूच "मला एकटीला सांभाळता येईल" असं लिहिलंयस, तो शब्द सोडू नकोस.

घाटवाट
अनघाताई, अ‍ॅव्हेंजर एवढी जड नाही पण.

अनघा_ठाणे
हो, १५५ च्या आसपास आहे, आणि सीट बुटकी आहे हे खरंच. पण तिचे फूटरेस्ट पुढे आणि हँडल रुंद. मी बसून पाहिलीय. हँडल पूर्ण वळवलं की बाहेरच्या बाजूची मूठ माझ्या हातातून सुटत होती, अख्खं अंग पुढे ओढावं लागत होतं. घाटातल्या यू वळणावर ते नको. पाय पोचतात म्हणून हात पोचतील असं नाही. तुमच्या मिसेस ५ फूट १ आहेत, कदाचित ते तीन इंचच कामाचे ठरले असतील.

घाटवाट
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. हिला विचारलं. म्हणाली, वळणावर तिचीही बाहेरची बाजू ताणली जाते, सांगायचं राहून गेलं होतं. आज कळलं.

सह्यभटक्या
त्यात अ‍ॅव्हेंजरसारख्या बुटक्या क्रूझरचं पोटही जमिनीच्या जवळ असतं आणि चाकांमधलं अंतर जास्त. कास-बामणोली बाजूला पावसाळ्यानंतर कच्च्या रस्त्याची जी अवस्था होते ती पाहता मध्येच पोट घासेल.

विधिज्ञ_नगर
महत्त्वाचं राहतंय म्हणून सांगतो. जुईताई, तुमचं लायसन्स विनागिअरचं असेल तर त्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. 'मोटारसायकल विथ गिअर' हा वर्ग वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी आधी लर्निंग काढायचं, ते सहा महिने चालतं, आणि काढल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. लर्निंगवर असताना पुढे-मागे 'एल'ची पाटी लावायची आणि मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवायचं नाही. म्हणजे शाळेतल्या बाईंना लिफ्ट देणं तूर्तास बंद. योग्य वर्गाचं लायसन्स नसताना अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावर गदा येते. बायकांच्या बाबतीत हे फार पाहिलंय. स्कूटरचं लायसन्स आहे म्हणजे दुचाकीचं आहे असं घरचे धरून चालतात.

रेवा
अरे बापरे. माझंही विनागिअरचंच आहे. गावाला गेले की काकांची मोटारसायकल मी बिनधास्त चालवत होते. उद्याच अर्ज भरते.

स्वच्छंदी
अवांतर: आमच्या आईने बजाजची एम-८० चालवली. १९९२-९३ ची गोष्ट, तासगावजवळच्या एका गावात ती अंगणवाडी सेविका होती. गिअर हातातच असायचे, डाव्या मुठीत. उंची तुमच्याइतकीच असेल, ताई. त्या आधी वडिलांची लुना होती, तिला पायडल मारत शाळेच्या चढावर यायची. एम-८० आल्यावर म्हणाली, आता मी उतरून ढकलणार नाही. मागे पोषण आहाराचं पोतं आणि पुढे मी. थांबायचं असलं की ती कायम कशाच्या तरी कडेला थांबायची: ओटा, दगड, पाण्याच्या टाकीचा कट्टा. लहानपणी मला ती लकब वाटायची. पाय टेकायला उंचवटा शोधत असायची हे मोठा झाल्यावर कळलं.

तात्या_सांगली
स्वच्छंदी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. हेच शिकवायला लोक पैसे घेतात आता.

लंडनकर_शमा
मी मूळची साताऱ्याचीच (सदाशिव पेठ), म्हणून राहवलं नाही. इथे इंग्लंडमध्ये पहिल्याच दिवशी रस्त्यावर सोडत नाहीत. आधी सीबीटी नावाचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते झालं की 'एल' पाटी लावून १२५ सीसीपर्यंतची गाडी दोन वर्षं चालवता येते. मी ५ फूट अर्धा इंच. त्या दिवशी आमच्या शिक्षिकेने आधी गाडी बंद ठेवून नुसती हाताने ढकलत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, दोन्ही बाजूंनी. मग डबल स्टँड. मग पुन्हा ढकलणं. इंजिन सुरू व्हायला पाऊण तास गेला. मला तेव्हा कंटाळा आला होता. आज वाटतं, गाडी माझ्या ऐकण्यात आहे हा विश्वास त्या पाऊण तासात आला.

शिवाय दोन्ही पाय एकदम टेकायचे नाहीत असं शिकवलं. थांबताना डावा पाय जमिनीवर आणि उजवा मागच्या ब्रेकवर. जराशी डावीकडे सरकून बसलं की एक तळपाय पूर्ण टेकतो. त्यामुळे "दोन्ही पाय सपाट" हा आग्रह मी तरी सोडला आहे.

सह्यभटक्या
शमा, लंडनच्या सपाट डांबरीवर एक पाय पुरतो. यवतेश्वरच्या घाटात धुकं, शेवाळ आणि वळणावर सांडलेली बारीक खडी असताना एकाच पायाखालून खडी सरकली तर?

लंडनकर_शमा
पटतंय, पण पूर्ण नाही. खडीवर दोन्ही पायांची बोटं टेकलेली असली तर दोन्ही सरकतात. एक पूर्ण तळपाय बोटांपेक्षा जास्त धरतो. पाय कुठे ठेवायचा ते आधी बघून थांबलं पाहिजे एवढं मात्र शंभर टक्के खरं. आणि मीही यवतेश्वर चढलेय हो, बाबांच्या मागे बसून :)

प्राजक्त
सीट कापून घेता येते ना? किंवा गाडीच खाली करून घ्यायची. आमच्या इथे एकाने शॉकअप बदलून दोन इंच खाली घेतली.

तात्या_सांगली
प्राजक्त, सीट कापणं आणि गाडी खाली घेणं ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

सीट जरूर कापा. चांगल्या सीटवाल्याकडे जा, स्वतः गाडीवर बसून माप द्या, आणि नुसती उंची नको, पुढची दोन्ही टोकं निमुळती करून घ्या. त्यानेच जास्त फरक पडतो. फोम एक-दीड इंचाच्या वर काढू देऊ नका, खालचा पत्रा टोचायला लागतो.

गाडी खाली घेणं मात्र पहिल्या गाडीला नकोच. मागची बाजू खाली गेली की पुढच्या चाकाची दांडी (फोर्क) जास्त तिरकी होते आणि वळताना गाडी आळशी होते. साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, म्हणून उभी केलेली गाडी सरळ राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी. आणि खड्ड्यात शॉकअपला दबायला जागाच उरत नाही. कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या माणसाने तर नाहीच. असं केलेल्या दोन गाड्या मी परत मूळ मापाला आणून दिल्यात.

आणखी एक बिनखर्चाचं: जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट. पाऊण-एक इंच फुकट मिळतो आणि घोटाही वाचतो.

केदार_को
तात्या, क्लचच्या लिव्हरचं काही करता येतं का? माझ्या भाचीची तक्रार पायाची कमी आणि हाताची जास्त असते. बोटं पोचत नाहीत.

तात्या_सांगली
चांगला प्रश्न. बहुतेक छोट्या गाड्यांत लिव्हर आत-बाहेर घेता येत नाही, पण केबलचं अ‍ॅडजस्टमेंट असतं. क्लच मुठीच्या जवळ आल्यावर सुटेल असं लावून दिलं की लहान हाताला बरं पडतं. फक्त थोडा मोकळा खेळ ठेवायचा, नाहीतर क्लचप्लेट जळते. लिव्हर हँडलवर किंचित खाली फिरवून घेतली तर मनगट वाकत नाही. केबलला तेल सोडायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. जुईताईंचं मनगट दुखावलेलं आहे, त्यांनी हे करायलाच हवं.

अनघा_ठाणे
ओढणीबद्दल कुणीच बोललं नाही. जुई, शाळेत साडी की ड्रेस? पूर्ण बंद चेनकव्हर असलेलीच गाडी घे. दिसायला भारी असलेल्या बऱ्याच गाड्यांची चेन उघडी असते. आणि साडी गार्ड काढू देऊ नकोस. मागच्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे, पण पोरं घरी आणल्या आणल्या तो उतरवतात.

जुई_मेढा
किती मनापासून लिहिताय सगळे! दोन दिवस शाळेच्या परीक्षा होत्या म्हणून उशीर झाला.

तात्या, वही धरून माप घेतलं. साडेसत्तावीस इंच. माझ्या मुलीनेच टेप लावला आणि नंतर घरातल्या सगळ्यांचं मोजत सुटली.

अनघाताई, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. आमच्या शाळेसमोर गाडी लावायची जागा म्हणजे उतरता माळ आहे. मला त्याची सवय झाली होती, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. तिथे १८० किलो मी कशी वर ओढणार! साडीच असते, आठवड्यातून चार दिवस. स्कूटरवर त्याचा प्रश्न नव्हता. आता गाडी चालवताना सलवार आणि शाळेत गेल्यावर साडी असं करेन, ह्यावर माझ्या सहकारी बाईंशी बोलणं झालंय, त्यांच्याकडे खोली आहे.

विधिज्ञ, माझंही विनागिअरचंच निघालं. लर्निंगसाठी अर्ज केला.

आता बसून बघायला कोणत्या कोणत्या गाड्यांवर जाऊ? रविवारी जाणार आहे, ह्यांना घरी ठेवून.

सह्यभटक्या
शाइन १००: वजन ९९ किलो, सीट ७८६. स्प्लेंडर: ११२ किलो, ७८५, आणि १८ इंची चाकं, जी कच्च्यात उपयोगी. रेडर १२५: १२३ किलो, ७८०, पुढची सीट वेगळी आणि निमुळती, ताकदही बरी. शंभर सीसी म्हणजे बुटकी असंही नाही बरं का, प्लॅटिनाची सीट ८०७ आहे.

केदार_को
एबीएसचाही (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय) विचार करा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, खालच्या ह्या गाड्यांत बहुतेक वेळा सीबीएसच मिळतं. शेवाळलेल्या वळणावर एबीएस जीव वाचवतं. म्हणून मी थोड्या मोठ्या गाडीचा आग्रह धरत होतो.

अनघा_ठाणे
हे तुमचं बरोबर आहे, केदार. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. एवढंच म्हणेन की एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, उभी गाडी कलंडताना ते काही करत नाही. आणि नवीन माणूस जास्त वेळा उभ्या गाडीवरूनच पडतो.

विदर्भवासी
सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. शिकताना हे माहीत असू द्या ताई, नाहीतर खडीवर वळताना नुसता मागचा दाबतोय समजून दाबाल आणि पुढचं चाकही धरेल. वळायच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. स्कूटर सोडून मोटारसायकल घेण्याचा तुम्हाला खरा फायदा तोच आहे.

ओंकार_सोलापूर
एवढं सगळं करण्यापेक्षा चांगली बारा इंची चाकांची १२५ सीसी स्कूटर का नाही? पडायचं कशाला उगाच?

रेवा
ओंकार, ती सहा वर्षं स्कूटरच चालवते आहे आणि त्याच रस्त्यावर दोनदा पडली आहे. धागा पहिल्यापासून वाचा ना.

ओंकार_सोलापूर
वाचला आता. मागे घेतो. जुईताई, मनगटाला जपा.

स्वच्छंदी
पडण्याचा विषय निघालाच आहे तर उचलण्याचंही सांगून ठेवतो, आईने शिकवलेलं. आधी इंजिन बंद. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी झाली की पलीकडे जाते. पहिला गिअर टाकायचा म्हणजे चाक फिरत नाही. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा रॉड, आणि पाय मागे मागे टाकत गाडी पाठीने ढकलत वर न्यायची. जोर मांड्यांचा, कंबरेचा नाही. आई साठीतही उचलायची.

लंडनकर_शमा
अगदी हेच आमच्या शिक्षिकेने दाखवलं होतं! तासगाव आणि लंडन एकच पद्धत.

रेवा
पुण्यात २०११ साली बायकांचाच 'द बायकर्णी' हा गट सुरू झाला, आता देशभर आहे. तिथल्या मुलींना विचारता येईल. कमी उंचीच्या भरपूर जणी असतात आणि स्वतःची गाडी बसून बघायलाही देतात.

जुई_मेढा
रविवार झाला. लिहिते आहे सविस्तर, कारण माझ्यासारख्या आणखी कुणाला उपयोग होईल.

पाच गाड्यांवर बसले. बूट घालून गेले होते. पहिल्या शोरूममध्ये तोच माणूस भेटला. मी आधीच सांगितलं, गाडी मी घेणार, चालवणार मी, आणि शॉकअप मऊ खाचेवर करून द्या. त्याने निमूट पाना आणला.

अ‍ॅव्हेंजरवर बसल्या बसल्या इतकं छान वाटलं की मी तिथेच विरघळले होते. दोन्ही पाय जवळजवळ पूर्ण टेकले. मग अनघाताईंनी सांगितलं तसं हँडल पूर्ण वळवून पाहिलं. मूठ सुटली. उतरले.

मीटिओरवरही पाय बऱ्यापैकी टेकले. त्यांना म्हटलं, मला ही दारासमोरच्या उतारावर मागे घेऊन दाखवायची आहे. दोन पावलं घेतली आणि तिसऱ्याला त्या माणसाला धरावी लागली. फार सुंदर गाडी आहे, पण माझ्या माळावरची नाही.

रेडरवर बोटं आणि तळव्याचा पुढचा भाग टेकला, हाताने हलली. स्प्लेंडर आणि शाइन दोन्हींवर सरळ बसलं तर फक्त चवडे टेकतात. पण शमाताईंनी सांगितलं तसं जरा डावीकडे सरकले तर डावा तळपाय पूर्ण टेकला. दोन्ही गाड्या मी उतारावर एकटीने मागे घेतल्या आणि डबल स्टँडला मात्र एकीलाही लावू शकले नाही. चार वेळा प्रयत्न केला, हात भरून आले.

आता स्प्लेंडर आणि रेडर ह्यात अडकले आहे. ह्यांचं म्हणणं रेडर, ताकद जास्त म्हणून.

सह्यभटक्या
तुमचे मुख्याध्यापक शंभर सीसीवर अकरा वर्षं घाट चढतायत, आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा वजनाने नक्कीच कमी. ताकदीची काळजी सोडा.

केदार_को
मी मोठ्या गाडीचा पक्ष घेतला होता, पण हे वाचून माझंही मत स्प्लेंडर. आणि नवीन नको, वापरलेली घ्या. पहिलं वर्ष ती आपटणार आहे हे धरूनच चला. लेग गार्ड बसवा. वर्ष-दीड वर्षाने हात बसला की एबीएसवाली घ्या, तेव्हा पुन्हा धागा काढा.

तात्या_सांगली
डबल स्टँड हाताने लावायचा नसतो, ताई. सगळे तिथेच चुकतात. गाडी सरळ धरा, उजव्या पायाने स्टँडचा दांडा खाली दाबा म्हणजे त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले की "टक्" असं जाणवेल. दोन्ही लागलेत ही खात्री झाली की त्या दांड्यावर उभ्या राहा, अक्षरशः पायरीवर चढल्यासारख्या. तुमचं ४६ किलो वजनच गाडी वर घेतं. हातांनी फक्त सरळ ठेवायची आणि किंचित मागे. मागच्या चाकाखाली अर्ध्या इंचाची फळी ठेवली तर आणखी सोपं, शिकताना ठेवा.

वापरलेली घेताना टायर गुळगुळीत नाहीत ना, चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होत नाही ना, आणि दांडी वाकलेली नाही ना एवढं बघा. आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवर पडताळून घ्या. ओळखीचा फिटर बरोबर न्या.

जुई_मेढा
पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

मुख्याध्यापक सरांच्या मेहुण्यांची स्प्लेंडर घेतली, एका हाती वापरलेली. साताऱ्यातल्या सीटवाल्याकडे पाऊण इंच फोम काढून पुढची टोकं निमुळती करून घेतली. केबलला तेल, क्लच मुठीजवळ. पहिले आठ दिवस शमाताईंच्या पद्धतीने मैदानात नुसती ढकलली. मुलगी रोज येऊन मोजायची, आज किती फेऱ्या. मग हाफ क्लचवर, रेस न देता, चालण्याच्या वेगाने. पहिल्या दिवशी किती वेळा बंद पडली ते मोजायचं तिनेच सोडून दिलं. सहाव्या दिवशी एकदाही नाही.

दोनदा पडली. दोन्ही वेळा उभी असताना. पहिल्यांदा उजवा पाय टेकायला गेले आणि खाली खड्डा होता. दोन्ही वेळा स्वच्छंदींच्या आईच्या पद्धतीने एकटीने उचलली. त्यांना माझा नमस्कार नक्की सांगा.

टेस्ट परवा झाली, पास झाले. काल रविवारी पहाटे, रहदारी नसताना, पहिल्यांदा यवतेश्वर चढले. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. कासला थांबले तेव्हा पाय आपोआप एका दगडाच्या कडेला गेला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली आणि विदर्भवासी म्हणाले तसं, गाडीने स्वतःला धरून ठेवलं. ब्रेक फार कमी वापरावा लागला. ज्या वळणावर पडले होते तिथून गेले.

उद्यापासून शाळेत हीच नेणार आहे. एक विचारायचं आहे: कच्च्या रस्त्याला टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी का? सर म्हणतात ठेवावी.

तात्या_सांगली
अभिनंदन ताई! गॅरेजातल्या पोरांना वाचून दाखवलं.

हवेचं: तुमचे पंचवीसेक किलोमीटर डांबरी आहेत आणि कच्चं फक्त तीन. तेवढ्यासाठी कमी करू नका. मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी जो आकडा दिलाय तोच ठेवा, दर आठवड्याला, टायर थंड असताना बघून. कमी हवेत दगडावर रिम ठोकली जाते. आणि पावसाळ्याआधी मागचा टायर एकदा दाखवायला आणा, सांगली काही लांब नाही.

रेवा
माझं लर्निंग आलं. तात्या, मीही येते.